वरची टाइमलाइन, खालची टाइमलाइन

आमच्या सूनबाईच्या कामाचा झपाटा बघून लोक तोंडात बोटं घालतात. मी घालत नाही. भराभर काम उरकणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो. इतक्या लवकर झालं म्हणजे एकतर काहीतरी गाळलं असणार, नाहीतर काहीतरी लपवलं असणार.

मी फिल्म संकलक. आधी खरोखरची फिल्म कात्रीने कापून चिकटपट्टीने जोडायचो, मग कॉम्प्युटर आला तेव्हा कुरकुर करत त्याच्यापुढे बसलो. घराच्या तळमजल्यावरच्या खोलीत आमचा स्टुडिओ आहे. खिडकीबाहेर एक गॅरेज, आत दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर, भिंतीला आवाज शोषणारे करडे फोम, ज्यांच्यावर धूळ बसली की आमची ही मला दोष देते. फिल्मही छोट्याच असतात. कुणाचा कारखाना, कुठली शाळा, एखादं म्युझियम. पण प्रत्येकीच्या शेवटी काळ्या पडद्यावर 'संकलन' असा शब्द येतो आणि त्याच्याखाली माझं नाव. आयुष्यभर राबून मी कमावलं असेल तर ते एवढंच. ती पाटी येऊन गेल्याशिवाय मी कुठल्याही हॉलमध्ये खुर्चीवरून उठत नाही, आणि हिलाही उठू देत नाही.

मुलाने माझा धंदा घेतला नाही. तो दातांचा डॉक्टर झाला. पडद्यावर बघण्यापेक्षा लोकांच्या तोंडात बघणं त्याला बरं वाटलं, त्याला कोण काय करणार? म्हणून त्याने लग्नासाठी मुलगी शोधली ती नेमकी संकलन शिकलेली निघाली तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं. शेजारचं टेबल मी स्वतः पुसून दिलं. पण तिची कामाची तऱ्हा बघितली आणि माझा उत्साह मावळला.

माझी पद्धत सरळ आहे. फिल्म एक, तर टाइमलाइन एक. टाइमलाइन म्हणजे स्क्रीनवरची ती लांबलचक पट्टी. तिच्यावर चित्राचे तुकडे एकापुढे एक लावत जायचे, त्यांच्याखाली आवाजाचे तुकडे. डावीकडे सुरुवात, उजवीकडे शेवट. माणूस असाच जगतो, फिल्म अशीच कापावी.

सूनबाई स्क्रीनचे आडवे दोन भाग करते. वरच्या भागात एक टाइमलाइन, तिच्यात नुसते निवडलेले चांगले शॉट, भाजी निवडून ताटात ठेवावी तसे. खालच्या भागात दुसरी टाइमलाइन, ती खरी फिल्म. वरून उचलायचं, खाली सोडायचं. शिवाय प्रत्येक प्रसंगाची वेगळी छोटी टाइमलाइन, आणि त्या छोट्या सगळ्या मिळून एका मोठ्या टाइमलाइनच्या पोटात. छोटीत काही बदललं की मोठीत आपोआप बदलतं. आणि कशालाही हात लावायच्या आधी अख्ख्या टाइमलाइनची नक्कल करून ठेवायची, ते वेगळंच.

"फिल्म एक आणि टाइमलाइनी डझनभर?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"बाबा, एका शॉटसाठी दर वेळी सगळे फोल्डर उपसत बसावं लागत नाही. सगळं डोळ्यांसमोर असतं."

"मला उपसायला आवडतं. एक शोधताना दुसरं सापडतं."

"आणि दिवस मावळतो," ती हसून म्हणाली.

खरं होतं ते. म्हणूनच जास्त झोंबलं.

"आणि त्या नकला कशाला? स्वतःवर भरवसा नाही?"

"परत यायला वाट असावी, बाबा. जुनी तशीच राहते, नवीत काय वाटेल ते करून बघता येतं."

हे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. नवीत काय वाटेल ते. म्हणजे एकाच फिल्मच्या दोन फिल्म. एक मला दाखवायची, एक न दाखवायची. मी तसं बोललो नाही, पण तेव्हापासून तिच्या खुर्चीमागून जाताना माझी चाल मंदावायला लागली.

आमची कामाची वाटणी अशी की मोठी कामं मी कापायची, आणि कापून झालं की शेवटची फाइल तयार करून गिऱ्हाइकाला पाठवायचं काम तिने करायचं. त्या फाइलच्या भानगडी मला जमत नाहीत, आणि खरं सांगायचं तर जमवून घ्यायच्याही नाहीत. मी स्पीकर मोठ्याने लावून कापत असलो की ती पुष्कळदा माझ्या मागे खुर्ची टाकून बघत बसायची. वाटणी उत्तम चालली होती. मग बाइंडरची फिल्म आली.

पुस्तकं हाताने बांधणारा एक म्हातारा कारागीर होता. त्याचा छापखान्याच्या मागचा अंधारा कारखाना, त्याच्या टेबलावर एकच ट्यूबलाइट. त्याच्या मुलीला बापावर फिल्म करून हवी होती. फिल्ममध्ये कुणी फारसं बोलत नाही. कागद घडी होतो, सुई आत जाते, दोरा ओढला जातो, म्हातारा मधूनच खोकतो. असली शांत फिल्म कापायला जिगर लागते. गडबडीच्या फिल्ममध्ये चूक खपून जाते, इथे कुठे लपायला जागा नसते. मी ती मन लावून कापली आणि स्वतःवर खूश झालो. एक प्रत त्या मुलीला बघायला मीच पाठवली आणि मग पुढचं सूनबाईवर सोपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी मारून आलो तर सूनबाई कानाला हेडफोन लावून बसलेली. स्क्रीनवर दोन टाइमलाइनी एकीवर एक, आणि दोन्ही माझ्याच बाइंडरच्या. माझं काम मी लांबून ओळखतो. माझी चाहूल लागली आणि तिने पटकन वरची बंद केली.

"काय चाललंय?"

"काही नाही बाबा, फाइल काढतेय."

फाइल काढायला दोन टाइमलाइनी लागत नाहीत, एवढं मलाही कळतं. मनात शंकेची पाल चुकचुकली.

त्याच दुपारी पाणी प्यायला उठलो तर ती जिन्याखाली फोनवर हळू आवाजात बोलत होती. बोलताना एक हात तोंडावर. मी थांबलो. लोकांचं चोरून ऐकणं वाईट, पण घर माझं आहे आणि जिनाही माझा आहे.

"नाही, त्यांना नका सांगू," ती म्हणत होती. "मी सगळं नीट करून तुम्हाला तीच पाठवते. फक्त बाबांना कळू देऊ नका."

पलीकडे बाइंडरची मुलगी होती, यात मला शंका उरली नाही. मी पाणी न पिताच परत फिरलो.

रात्री जेवताना मी हिच्यापाशी विषय काढला. "सूनबाई माझं काम परत कापते आणि माझ्या मागे गिऱ्हाइकाला पाठवते. कुठेतरी पाणी मुरतंय."

"तुम्ही सुतावरून स्वर्ग गाठू नका," ही म्हणाली. "पोर सकाळपासून खाली बसलेली असते. तिला तुमच्या फिल्मशिवाय दुसरे उद्योग नाहीत का?"

"हेच म्हणतोय मी. माझ्याच फिल्मशी तिचे उद्योग चाललेत."

हिने माझ्याकडे बघितलं आणि ताट उचलून आत गेली. बायकोने असं ताट उचललं की पुढे बोलण्यात अर्थ नसतो.

मी मात्र डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. सूनबाई माझ्याशी पूर्वीसारखीच हसून बोलायची, औषधाची आठवण करायची, आणि त्यामुळे मला ती अधिकच पोचलेली वाटायला लागली. गुन्हेगार माणूस गडबडतो. ही गडबडतसुद्धा नव्हती.

रविवारी ती नव्या कामाची जागा बघायला बाहेर गेली. मुलगा वरच्या मजल्यावर जेवून आडवा झाला होता, ही शेजारी. मी तळमजल्यावर उतरलो आणि आयुष्यात पहिल्यांदा सूनबाईच्या खुर्चीत बसलो. खुर्ची माझ्या खुर्चीपेक्षा चांगली होती, हेही मनात नोंदवून ठेवलं.

फार शोधावं लागलं नाही. नीटनेटक्या माणसाच्या घरात चोरी पकडणं सोपं. 'पाठवलेल्या' असं नाव दिलेल्या फोल्डरमध्ये माझ्या फिल्मच्या टाइमलाइनी होत्या, आणि प्रत्येकीशेजारी तिची नक्कल. बाइंडरची होती. त्याच्या आधीची शाळेची होती. पाण्याच्या म्युझियमची होती, जिला हॉलमध्ये लोकांनी उभं राहून टाळ्या दिल्या होत्या आणि मी मान लववून त्या घेतल्या होत्या. त्याच्याही आधीच्या होत्या.

नुसती बाइंडरचीच नाही, सगळ्याच. म्हणजे लोकांनी बघितलं ते माझं नव्हतंच? शेवटी माझं नाव आलं, टाळ्या माझ्या नावाला पडल्या, आणि कापलं होतं दुसऱ्याच कुणीतरी? मग मी इतके दिवस या खोलीत बसून करत काय होतो, पोराने खेळण्यातलं स्टिअरिंग फिरवावं तसं?

रागाने मला उलट तरतरी आली. मी तिचीच युक्ती तिच्यावर वापरली. स्क्रीनचे आडवे दोन भाग केले. वर तिची टाइमलाइन लावली, खाली माझी. फिल्म कुठवर आली ते दाखवणारी दोन्हीकडची उभी रेघ एकदमच पुढे सरकेल असंही त्यात करता येतं, ते शोधून काढलं. एक मात्र कबूल करायला हवं की तपासणी करायला ही पद्धत फारच सोयीची आहे. माझ्या पद्धतीने मला आठवडा लागला असता.

आता दाखवतो, म्हटलं, आणि एकेक कट बघायला सुरुवात केली.

पहिला कट, वर आणि खाली, एकाच जागी. दुसराही. सुई कागदात शिरते आणि पलीकडून बाहेर येण्याआधी मी म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर जातो, तो कट मी तीनदा बदलला होता. तो इथे तसाच होता, केसभरही हललेला नाही. तो खोकतो आणि मी त्यानंतर क्षणभर रिकामं टेबल ठेवलंय. दुसऱ्या कुणालाही ते रिकामं टेबल काढून टाकायचा मोह झाला असता. तिने काढलं नव्हतं. मी शेवटापर्यंत गेलो. शेवटची पाटी: संकलन, आणि खाली माझं नाव. तिचं नाव कुठेच नाही.

चोरी सापडत नाही म्हटल्यावर सभ्य माणसाने उठावं. मी उठलो नाही. उलट माझा संशय बळावला. काहीच बदलायचं नव्हतं तर नक्कल कशाला? फोन कशाला? बाबांना कळू देऊ नका म्हणजे काय?

मग मला दिसलं. तिच्या टाइमलाइनीत आवाजाच्या तुकड्यांवर एक बारीकशी जांभळी खूण होती. माझ्यात ती नव्हती. म्हणजे आवाजाला काहीतरी फिल्टर लावला होता. मी स्पीकर चालू केले. तिची टाइमलाइन ऐकली. कागद, दोरा, खोकला. माझी ऐकली. कागद, दोरा, खोकला. आवाज वाढवून परत ऐकलं. तंतोतंत तेच.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, निदान मला तरी तसं वाटलं. काहीही न करणारी एक खूण प्रत्येक फिल्मवर चिकटवून ठेवायची. उद्या मी थकलो की जगाला सांगायला मोकळी, बघा, सासऱ्याच्या सगळ्या फिल्म शेवटी माझ्या हातून गेल्यात. पुरावा तयार. किती थंड डोक्याने केलेलं काम!

मी जिन्यात जाऊन हाक मारली. "खाली ये! तुझ्या बायकोचे पराक्रम बघ!"

मुलगा डोळे चोळत आला. "काय झालं बाबा?"

"बस इथे. ही वरची तुझ्या बायकोची. ही खालची माझी. दोन्ही ऐक आणि फरक काय तो सांग."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"नाही ना कळत? म्हणूनच तुला बोलावलं. नाही तर म्हणशील बाबांच्या मनातलं आहे."

मी तिची लावली. तो गुडघ्यांवर हात ठेवून बघत राहिला. "छान आहे की. किती शांत वाटतं."

"आता माझी बघ," मी म्हणालो आणि खालची सुरू केली.

दिवसभर लोकांच्या दाढांत ड्रिल फिरवणारा माणूस तो. त्याने झटकन दोन्ही कानांवर हात ठेवले.

"बंद करा! बाबा, बंद करा ते!"

मी बंद केली. "काय झालं?"

"ती शिट्टी!"

"कसली शिट्टी?"

त्याने कानांवरचे हात हळूहळू खाली घेतले आणि माझ्याकडे बघितलं. मुलाने बापाकडे बघावं तसं नाही. दवाखान्यात खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे तो जसा बघत असेल तसं बघितलं.

"बाबा, तुम्हाला ऐकू नाही आली?"

"कागदाचा आवाज येतो," मी म्हणालो. "दोऱ्याचा येतो. तो खोकतो ते येतं. अजून काय यायला हवं?"

"त्या सगळ्यावर एक बारीक, टोकदार आवाज आहे. सुरुवातीपासून. माझ्या ड्रिलपेक्षा बारीक. डोक्यात जातो."

ट्यूबलाइट. शूटिंगच्या दिवशी कॅमेरावाला त्या ट्यूबलाइटकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाला होता आणि मी हसून मान हलवली होती. त्याला वाटलं मला समजलं, मला वाटलं तो उजेडाबद्दल बोलतोय. मी पाठवलेल्या प्रतीत बाइंडरच्या मुलीलाही हीच शिट्टी ऐकू आली असणार.

"शाळेची लावा," मुलगा म्हणाला. आता तो पुरता जागा झाला होता. ट्यूबलाइट शाळेतही होत्या, म्युझियममध्येही होत्या. मी शाळेची लावली, माझी. त्याचा चेहरा लगेच पिळवटला. म्युझियमची लावली. त्याने हातानेच थांबवा म्हणून खूण केली. मग मी त्याच तिन्ही फिल्म तिच्या नकलांतून लावल्या, आणि तो निवांत मागे टेकून बसला. मला सहाही सारख्याच.

"तुला हे ठाऊक होतं?" मी विचारलं. आवाज माझा मलाच पोकळ लागला. आता माझ्या आवाजाचा तरी काय भरवसा, असंही वाटून गेलं.

"मला कुठून ठाऊक असणार?"

"तिने सांगितलं नाही?"

"एका शब्दाने नाही. ती तर सारखं म्हणते, बाबांचा हात अजून कसा आहे, बाबांसारखा कट मला जमत नाही." तो खुर्ची फिरवून माझ्याकडे वळला. "मला नाही सांगितलं, बाबा. खरंच."

म्हणजे नवऱ्यालासुद्धा नाही. घरातल्या कुणालाच नाही. मला लाज वाटली, आणि लाजेच्याही आधी भीती वाटली. आतापर्यंत किती काय माझ्या कानांवरून निघून गेलं असेल?

दार उघडलं. सूनबाई आली, खांद्यावर कॅमेऱ्याची पिशवी, उन्हाने लालबुंद झालेली. तिने मला तिच्या खुर्चीत बघितलं. मग स्क्रीनकडे बघितलं, वरची टाइमलाइन, खालची टाइमलाइन. ती जागच्या जागी थबकली.

"बाबा, ते मी..."

"बस," मी म्हणालो. "माझी फिल्म बघायची आहे. तुझ्याबरोबर."

"अहो बाबा, पण..." मुलगा मध्ये बोलायला लागला. मी हात वर केला आणि तो गप्प झाला.

ती पिशवी न उतरवताच स्टुलावर बसली. मी खालची टाइमलाइन अगदी सुरुवातीपासून सुरू केली. मुलाने दात आवळले आणि मान दुसरीकडे वळवली. मी फिल्मकडे बघितलं नाही, सूनबाईकडे बघितलं.

तिच्या कपाळावर एक आठी नाही. पापणी नाही हलली. कागदाची घडी पडली, सुई आत गेली, दोरा ओढला गेला, आणि ती चेहरा मोकळा ठेवून, ओठांवर किंचित हसू ठेवून बघत राहिली. शेजारी तिचा नवरा खुर्चीच्या कडा घट्ट धरून बसला होता. मी आवाज वाढवला. ती तशीच. मी अजून वाढवला. तिच्या मांडीवरचा हात तेवढा मिटला, चेहरा नाही.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"छान आहे, बाबा. ते रिकामं टेबल ठेवलंत ना, तिथे मला दर वेळी भरून येतं."

मी फिल्म थांबवली. मुलाने मोठा श्वास सोडला. तिने तो ऐकला, त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तिला सगळं कळलं.

"कट सगळे तुमचेच आहेत, बाबा," ती घाईघाईने म्हणाली. "मी एक फ्रेमसुद्धा हलवली नाही. शपथ."

"तपासलंय मी," मी म्हणालो.

पिशवीचा पट्टा तिच्या खांद्यावरून घसरत होता, तो ती सारखा वर ओढत होती.

"माझ्या मागे खुर्ची टाकून बसतेस तू," मी म्हणालो. "मी कापत असतो तेव्हा. दिवसदिवस. स्पीकर मोठ्याने लावलेले असतात. कान दुखत नाहीत गं?"

"सुरुवातीला दुखायचे," ती म्हणाली. "आता सवय झाली, बाबा."